ओतण्याआधी मोजा

वॉरंटीतली गाडी ऑइल खाऊ लागली की मालकाला दोन ठिकाणी दोन उत्तरे मिळतात. कंपनीच्या वर्कशॉपमधला सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतो, “एवढं नॉर्मल आहे, साहेब.” गावातला मिस्त्री म्हणतो, “अर्धा लिटर टाकलंय, आता बिनधास्त चालवा.” पहिल्या उत्तराने तक्रार मिटत नाही, दुसऱ्याने आजार मिटत नाही. किती किलोमीटरला किती ऑइल कमी झाले, हे मात्र दोघांपैकी कोणीच मोजलेले नसते. शेवगाव, पाथर्डी, नेवासा या पट्ट्यातल्या आपल्या व्यवसायबंधूंपुढे या अंकात आम्ही एकच मुद्दा ठेवतो: वॉरंटीच्या काळात न मोजता ओतलेले प्रत्येक टॉप-अप म्हणजे पुसून टाकलेला पुरावा. क्लेम मंजूर होतो की फेटाळला जातो, हे बव्हंशी जॉब कार्डावर काय लिहिले होते यावरून ठरते. इंजिन उघडायची वेळ त्यानंतर येते.

“नॉर्मल आहे” या उत्तरात तथ्य नाही असे नाही. अजिबात ऑइल न जाळणारे इंजिन अजून बनलेले नाही. बोअरवर होनिंगच्या ज्या बारीक तिरप्या रेघा असतात, त्या ऑइल धरून ठेवण्यासाठीच असतात. ऑइल रिंग जास्तीचे ऑइल खरवडून खाली आणते आणि मागे उरलेला पातळ थर इंधनाबरोबर थोडाथोडा जळतो. व्हॉल्व्ह गाइडमधून काही थेंब उतरतात, ब्रीदरमधून वाफ जाते, नव्या इंजिनात रिंगा बसेपर्यंत खप जरा जास्तच असतो. म्हणून कंपन्या कमाल मर्यादा ठरवतात. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांच्या मॅन्युअलात ती हजार किलोमीटरला अर्धा लिटर अशी छापलेली सापडते. आता हा आकडा सर्व्हिसच्या अंतराशेजारी मांडून पाहा. इंजिनात साडेतीन लिटर ऑइल बसते आणि सर्व्हिस दहा हजारांवर आहे असे धरले, तर या दराने एका सर्व्हिसपासून दुसरीपर्यंत पाच लिटर जळेल. म्हणजे चेंबरमध्ये मावते त्याच्या दीड लिटर जास्त. कांडीवरच्या दोन खुणांमध्ये साधारण लिटरभराचा फरक असतो, म्हणजे दोन हजारांवर पातळी खालच्या खुणेला टेकणार. शेवगावहून नगरला रोज ये-जा करणाऱ्याचे दोन हजार किलोमीटर पंधरा-सोळा दिवसांत होतात. मर्यादेच्या आत असलेली गाडीसुद्धा दर पंधरवड्याला कांडी बघायला लावणार असेल, तर “नॉर्मल” म्हणून मालकाला परत पाठवणे ही अर्धवट माहिती झाली. मर्यादा सांगायची, तर त्या गाडीचा मोजलेला आकडाही सांगायला हवा.

ऑइलच्या डब्याची किंमत हा यातला सर्वांत छोटा खर्च आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहा लागू झाल्यावर जळलेल्या ऑइलचा हिशेब सायलेन्सरच्या वाटेवर मांडला जातो. ऑइलमधल्या फॉस्फरसने पेट्रोल गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची धार जाते. डिझेल गाडीत ऑइलच्या ॲडिटिव्हची राख डीपीएफमध्ये साठते, आणि ही राख काजळीसारखी रीजनरेशनमध्ये जळून जात नाही. बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डवरचा लाल दिवा पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो पेटेपर्यंत बेअरिंगला झळ लागलेली असू शकते. म्हणजे वॉरंटीत हजार-दीड हजाराच्या टॉप-अपवर भागवलेली तक्रार वॉरंटी संपल्यावर कन्व्हर्टर, डीपीएफ आणि क्रँक असे तिहेरी बिल घेऊन परत येते. तेव्हा मालक कंपनीला बोल लावत नाही. ज्याने शेवटचा डबा ओतला, त्याचेच नाव घेतो.

मोजायचे कसे, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही, पण अवघडही नाही. कांडीवर विसंबलात तर फसगत ठरलेली. तापलेले ऑइल फुगते. साडेतीन लिटर ऑइल साठ अंशांनी तापले की सुमारे दीडशे मिलीने वाढते, आणि दोन खुणांत दोन सेंटिमीटर अंतर असेल तर कांडीवर हा फरक तीन मिलिमीटरचा दिसतो. सकाळी गार गाडीची खूण आणि संध्याकाळी गरम गाडीची खूण यांची तुलना करून कोणी दीडशे मिली “खाल्ले” किंवा “खाल्ले नाही” म्हणत असेल, तर तो इंजिन नव्हे, तापमान मोजत असतो. भरवशाची रीत वजनाची. गाडी सपाट जागी, इंजिन नेहमीच्या तापमानाला आणून ऑइल ठरावीक वीस मिनिटे गळू द्यायचे. फिल्टर तोच ठेवायचा. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे नवे ऑइल इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून भरायचे. ड्रेन बोल्ट आणि फिलर कॅप यांना सील लावून किलोमीटरची नोंद करायची. हजार किलोमीटरनंतर सील तपासून त्याच तापमानाला, तेवढीच वीस मिनिटे गाळायचे आणि पुन्हा तोलायचे. ग्रॅमला 0.85 ने भागले की मिली मिळतात. काटा किराणा दुकानातला असला तरी चालतो. सील मात्र सहीचे हवे, आणि मधे पातळी खालच्या खुणेजवळ गेली तर सील न तोडता फोन करायचा, हे मालकाला लिहून द्यायचे.

डिझेलमध्ये आणखी एक चकवा आहे. डीपीएफ साफ होताना जास्तीचे डिझेल फवारले जाते आणि त्यातले थोडे बोअरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरते. गावातल्या गावात फिरणाऱ्या, रीजनरेशन पुन्हा पुन्हा अर्धवट राहणाऱ्या गाडीत पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसते. ऑइल जळते आहे आणि डिझेल त्याची जागा भरते आहे, अशा वेळी कांडी “फुल” दाखवते आणि आपण निर्धास्त होतो. म्हणून डिझेल गाडीचा निकाल वजनावर सोडूनही भागत नाही. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत देऊन त्यात इंधन किती मिसळले ते पाहावे लागते. देशभरातल्या वाहनांच्या चाचण्या घेणारी व्हीआरडीई ही संस्था आपल्याच जिल्ह्यात, वाहननगरला आहे. ज्या जिल्ह्यात रणगाडे तपासले जातात, तिथे मोटारीच्या चार लिटर ऑइलचा हिशेब अंदाजाने व्हावा, हे आपल्या धंद्याला शोभत नाही.

आकडा हाती आला की तपासणीला दिशा मिळते. इथे एक जुना गैरसमज सोडायला हवा: कॉम्प्रेशन चांगले म्हणजे रिंगा चांगल्या. दाब धरण्याचे काम वरच्या दोन रिंगांचे. ऑइल रिंग कार्बनने चिकटून बसली असेल, तिची भोके बुजली असतील, तरी कॉम्प्रेशन गेजचा काटा झकास वर जातो आणि ऑइल बिनबोभाट जळत राहते. अमेरिकेत टोयोटाच्या टू-एझेड-एफई या 2.4 लिटर इंजिनाबाबत हेच घडले. तक्रारी वाढल्यावर कंपनीने 2011 मध्ये डीलरांना तांत्रिक सूचनापत्र काढले आणि चाचणी ठरवून दिली: पातळी पूर्ण भरा, 1,200 मैल चालवा, एक क्वार्टहून जास्त गेले तर काम करा. आपल्या हिशेबात हे हजार किलोमीटरला सुमारे अर्धा लिटर होते. चाचणीत नापास झालेल्या इंजिनांचे पिस्टन आणि रिंगा बदलल्या गेल्या, आणि पुढे काही मॉडेलांसाठी ही हमी पहिल्या वापरापासून दहा वर्षे किंवा दीड लाख मैलांपर्यंत वाढवली गेली. मालकांचा आवाज मोठा होता हे खरे, पण निकाल आवाजावर लागला नाही. प्रत्येक गाडीसाठी एकच चाचणी, एकच आकडा आणि पास-नापासचा एकच शेरा होता. आपल्याकडे मात्र तीच तक्रार तीन वर्कशॉपमध्ये नेली तर तीन मते मिळतात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप वर्कशॉपचा: दोष इंजिनाचा नसून वापराचा आहे. आपल्या भागात हा आक्षेप पोकळ नाही. ऊस तोडणीच्या हंगामात भेंडे, बोधेगावच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे जी गाडी महिनोन्‌महिने चालते, तिचा एअर फिल्टर फुफाट्याने भरतो. फिल्टर फुंकून तोच परत बसवला, पाइपची क्लिप सैल राहिली, की बारीक वाळू थेट बोअरमध्ये जाते आणि रिंगा घासून काढते. असे नुकसान वॉरंटीत बसत नाही, आणि बसू नयेही. पण धुळीचा आरोपसुद्धा तपासता येतो. वापरलेल्या ऑइलच्या चाचणीत सिलिकॉनचे प्रमाण चढलेले दिसते, फिल्टरच्या पुढच्या पाइपमध्ये बोट फिरवले तर बोटाला माती लागते. पाइप स्वच्छ आहे, सिलिकॉन मर्यादेत आहे आणि तरीही अर्धा लिटर जात असेल, तर “तुमच्या रस्त्यांमुळे” हे कारण टिकत नाही. चुकीच्या ग्रेडचेही तसेच. ऑइलचे बिल आणि डब्यावरचा ग्रेड फाइलमध्ये लावलेला असेल तर वाद एका मिनिटात मिटतो.

दुसरा आक्षेप स्वतंत्र गॅरेजवाल्यांचा: वॉरंटीतल्या गाडीला आम्ही हात लावला की वॉरंटी जाते, मग नोंद कशाला ठेवायची? 2014 च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींहून अधिक दंड ठोठावला, त्या आदेशात या प्रश्नाचे उत्तर आहे. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये, असे आयोगाने बजावले. सदोष कामामुळे झालेल्या नुकसानीपुरते संरक्षण मात्र कंपन्यांना ठेवले. आदेशाला पुढे आव्हाने दिली गेली, म्हणून तो ढाल समजून मिरवू नये. पण त्यातली मेख ओळखावी: प्रश्न “कोणी हात लावला” हा नाही, “हात लावल्याने काय झाले” हा आहे. त्याचे उत्तर नोंदीखेरीज देता येत नाही. ज्या कंपनीचे वर्कशॉप गावात नाही, तिच्या गाडीला शेवगावहून नगर गाठायचे तर साठ-पासष्ट किलोमीटर जावे लागते. पातळी खाली गेलेली गाडी तशीच पळवा असे कोणी शहाणा सांगणार नाही. तेव्हा टॉप-अप करावेच लागेल. करा, पण तारीख, किलोमीटर, ग्रेड आणि मिली लिहून पक्के बिल द्या. असे चार कागद घेऊन मालक वर्कशॉपमध्ये गेला, तर गावातला मिस्त्री त्याच्या बाजूचा साक्षीदार ठरतो. कागद नसेल, तर तोच मिस्त्री आरोपी होतो.

तिसरा आक्षेप डीलरांचा, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे: चाचणीला दोन फेऱ्या, दोन तास बे अडकलेला, कंपनीने क्लेम नाकारला तर मजुरी बुडीत. तक्रार खरी आहे, आणि ती सोडवण्याची जबाबदारी कंपनीची आहे. ऑइल खपाच्या चाचणीला तिने ठरावीक मजुरी द्यायलाच हवी. पण न मोजण्याचा खर्चही पाहा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करू शकतो. गाडी पुण्यात घेतलेली असली तरी शेवगावचा मालक अहिल्यानगरच्या जिल्हा आयोगात जातो, आणि त्यासाठी त्याला दोन वर्षांची मुदत असते. पिकअप चालवून स्वतःचे पोट भरणाराही या कायद्याने ग्राहकच आहे. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर कलम 38 प्रमाणे आयोग प्रयोगशाळेचा अहवाल मागवू शकतो. त्या वेळी वर्कशॉपच्या फाइलीत काय निघेल? “कस्टमर कम्प्लेंट: ऑइल कमी. चेक्ड, ओके.” या ओळीत कोणाचाच बचाव नाही. उलट मोजलेला आकडा मर्यादेत असेल तर तोच डीलरची ढाल होतो. मालकांनाही एक गोष्ट समजावून सांगा: सुशील कुमार गबगोत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये स्पष्ट केले, की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची हमी असेल तर तिच्या जोरावर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. “नवी गाडी द्या” म्हणून हट्ट धरणाऱ्याला रिंगा आणि पिस्टनही वेळेत मिळत नाहीत. नेमकी मागणी करायला नेमका आकडा लागतो.

म्हणून या अंकापासून आमचे आवाहन एवढेच. वॉरंटीतल्या गाडीबद्दल ऑइल कमी होत असल्याची पहिली तक्रार आली, की जॉब कार्डावर चार गोष्टी लिहा: किलोमीटर, कांडीवरची पातळी गार की गरम, शेवटचे ऑइल कधी आणि कोणत्या ग्रेडचे, आज किती मिली भरले. दुसऱ्यांदा तक्रार आली की वजनाची चाचणी लावा आणि निकालाची सही केलेली प्रत मालकाच्या हातात द्या, मग तो निकाल कोणाच्याही बाजूचा असो. काटा, सील आणि एक वही, इतक्याच साहित्यात हे होते. “नॉर्मल” हा शब्द वापरायला आमची हरकत नाही. त्याच्या आधी मिलीचा आकडा असावा.