तानाजींना एचआरच्या कामाला जुंपू नका

पोलादपूर तालुक्यात भाषणाला उभा राहिलेला माणूस तानाजींचं नाव घेतल्याशिवाय खाली बसत नाही. त्यात वावगं काही नाही. उमरठ तानाजींचं, कुडपण शेलारमामांचं गाव म्हणून सांगितलं जातं; अभिमान तर असणारच. पण मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी तरुणांसमोर या अभिमानाचा जो वापर केला, तो ऐकून तळपायाची आग मस्तकात जावी.

साहेबांचं म्हणणं थोडक्यात असं: हल्लीची पोरं नाजूक. वरिष्ठ ओरडला की लगेच ‘टॉक्सिक’ म्हणतात आणि राजीनामा फेकतात. कंपनी म्हणजे कुटुंब. पोराचं लग्न बाजूला ठेवून कोंढाण्यावर गेलेल्या वीराच्या मातीतल्या माणसाने शनिवारच्या सुट्टीसाठी रडावं? सूर्याजींनी दोर कापले होते, तुम्हीही परतीचे दोर कापा. टाळ्या कडकडून पडल्या.

‘आमच्या वेळी कोणी कुरकुरत नव्हतं’ हे त्यांचं आणखी एक वाक्य. मग मुंबईच्या गिरण्यांना १८९० साली रविवारची सुट्टी आकाशातून पडली का? नारायण मेघाजी लोखंड्यांच्या मागे हजारो गिरणी कामगार उभे राहिले, तेव्हा ती मिळाली. आणि मंदी येताच एका ईमेलवर घराबाहेर काढणारं कुटुंब साहेबांनाच लखलाभ.

राहिले दोर. ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्रीची ती कथा खुशाल सांगावी, पण पुरी सांगावी. दोर कापणारा स्वतः गडावरच होता; खाली उतरायची त्याचीही वाट बंद झाली होती. कंपनीतल्या साहेबाचं तसं नसतं. त्याचा स्वतःचा दोर शाबूत असतो, कापायचे ते दुसऱ्यांचे. नव्वद दिवसांची नोटीस, दोन वर्षांचा बाँड, अडकवून ठेवलेलं अनुभवपत्र ही त्याची हत्यारं. ठेकेदारीवरच्या पोराला एवढंही लागत नाही. पाळी संपवून तो गेटकडे निघतो तोच सुपरवायझर हाक मारतो, “रिलिव्हर आला नाही, डबल कर.” नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी गेटपास चालत नाही. यात कोंढाणा कुठला आणि स्वराज्य कुणाचं?

शिवशाहीचे दाखले द्यायचेच तर अर्धे कशाला? कुडपणच्या शेजारीच प्रतापगड आहे. १६५९मध्ये अफजलखानाचा निकाल लागल्यावर काय झालं, ते बखरकार सभासदाने लिहून ठेवलंय. जखमींना जखम पाहून २५पासून २०० होनांपर्यंत रक्कम मिळाली, पडलेल्यांपैकी ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना अर्धं वेतन चालू झालं. पावसाळ्यात लष्कर छावणीत परतायचं आणि त्याआधी दाणा, वैरण, औषधं, राहायची घरं तयार असायची. म्हणजे रजा होती, भरपाई होती, आणि दोन्ही मागितल्या म्हणून कुणाला नाजूक ठरवलं जात नव्हतं.

त्याहून बोलकं आहे चिपळूणजवळच्या दलवटण्याच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना गेलेलं शिवाजी महाराजांचं पत्र. आजच्या भाषेत मधल्या फळीतल्या मॅनेजरांना. दाणा-वैरण आत्ताच उधळली आणि पुढे घोडी मेली, तर ती तुम्हीच मारली असं होईल, असं त्यात बजावलंय. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजीला आग लागेल, इतक्या बारकाव्याने काळजी घेतली आहे. चूक होण्याआधीच जबाबदारी कुणाची ते ठरलेलं, आणि ती वरच्याची.

आणि आपल्या काळात? शेजारच्या महाडच्या औद्योगिक वसाहतीत ३ नोव्हेंबर २०२३ रोजी एका औषध कंपनीत स्फोट होऊन आग लागली. ११ कामगार बेपत्ता झाले आणि एनडीआरएफच्या जवानांना मृतदेह शोधावे लागले. या तालुक्यांत तरी कामगारांच्या सोशिकतेचं कौतुक करताना जीभ अडखळायला हवी.

बरं, हा प्रश्न फक्त कारखान्यांचा नाही. २०२४मध्ये पुण्यात नोकरीला लागल्यावर अवघ्या चार महिन्यांत २६ वर्षांची एक सनदी लेखापाल गेली. कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहिलं. मग कामगार खात्याने तपासणी केली, तेव्हा ते कार्यालय २००७पासून दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नोंदणीशिवाय चालल्याचं उघड झालं. ती पोरगी नाजूक होती असं साहेब म्हणतील काय? मध्यंतरी आठवड्याला ७० तास, मग ९० तास अशी कामाच्या तासांची बोलीच लागली होती. बोली लावणाऱ्यांत पाळीवर जाणारा एकही नव्हता.

नोकऱ्या आहेत कुठे, हा साहेबांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. गावाकडे शेतीवर भागत नाही, पगार थांबला तर हप्ता थकतो. म्हणून उठसूट राजीनामा द्या असा सल्ला कोणी देऊ नये. पण सहन करणं हा सद्गुण आणि सोडणं हा पळपुटेपणा, हा हिशेब आधी मोडला पाहिजे, तोही घरातूनच. पोरगा नोकरी सोडून आला की ‘दुसरी बघितलीस का?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी तरी घरच्यांनी गिळावा.

बाकी करण्यासारखं साधंच आहे. जादा तासांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी, कारण जादा कामाला दुप्पट दराने मोबदला कायद्यातच लिहिलेला आहे. कोऱ्या कागदावर सही करू नये. पगाराची चिठ्ठी दर महिन्याला मागून घ्यावी. आणि सोडायचंच ठरलं, तर राजीनाम्याची लेखी पोच हातात आल्याशिवाय गेटबाहेर पडू नये.