अकरा मिनिटे आणि साठ तास

११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने सोमवारी, २१ जुलै २०२५ रोजी, बाराही आरोपींना निर्दोष ठरवल्यानंतर शहरातून जी प्रतिक्रिया उमटली तिच्यात संतापापेक्षा आश्चर्याचा भाग मोठा होता, आणि हे आश्चर्यच अधिक चिंताजनक आहे. विशेष न्यायालयाचा निकाल लागायला ज्या खटल्यात नऊ वर्षे गेली आणि उच्च न्यायालयाचा लागायला आणखी दहा, त्याचे नेमके काय चालले आहे हे एवढ्या काळात मुंबईकरांना कोणी नियमितपणे सांगितले नाही आणि मुंबईकरांनीही ते विचारले नाही. ‘मग स्फोट कोणी केले?’ हा प्रश्न निकालाच्या आठवड्यात वाहिन्यांवरील चर्चांत जणू नव्यानेच विचारला गेला. वास्तविक तो २००८ सालीच उभा राहिला होता, कारण त्या वर्षी मुंबई गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीन या संघटनेचे म्हणून जे संशयित पकडले, त्यांच्यापैकी एकाच्या कबुलीत याच स्फोटांचा उल्लेख असल्याचे पुढे आले होते. एकाच राज्याच्या पोलीस दलातील दोन शाखांकडे एकाच गुन्ह्याची दोन वेगळी उत्तरे असताना शहर शांत राहिले, याची कारणे शहराच्या स्मरणशक्तीतच शोधावी लागतात.

दहशतवादी हल्ल्याची दखल मृतांच्या संख्येवरून घेतली जात नाही, तो कॅमेऱ्यासमोर किती वेळ चालू राहिला यावरून घेतली जाते, हे या स्तंभाच्या जुन्या वाचकांना नव्याने सांगायला नको. उच्च न्यायालयाच्या निकालाने त्याची साक्ष मात्र अधिक स्पष्टपणे समोर ठेवली आहे. २००६ चा हल्ला अकरा मिनिटांत संपला. संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांपासून ६ वाजून ३५ मिनिटांपर्यंत, चर्चगेटहून निघालेल्या गर्दीच्या गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत, माटुंगा रोडपासून मीरा रोडपर्यंत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे मेली आणि ८०० च्या वर जखमी झाली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेला हल्ला सुमारे साठ तास चालला आणि त्यात १६६ माणसे मेली. म्हणजे बळींचा आकडा दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे, किंबहुना पहिल्या वेळी तो मोठा आहे.

आता सत्तेवर कोण होते ते पाहावे. जुलै २००६ मध्ये केंद्रीय गृहमंत्रिपदी शिवराज पाटील, मुख्यमंत्रिपदी विलासराव देशमुख आणि राज्याच्या गृहमंत्रिपदी आर. आर. पाटील होते, नोव्हेंबर २००८ मध्येही त्याच तीन खुर्च्यांवर तीच तीन माणसे होती. माणसे, पदे आणि शहर काहीच बदललेले नसताना २००६ मध्ये तिघांपैकी एकालाही पद सोडावे लागले नाही, आणि २००८ मध्ये अवघ्या काही दिवसांत तिघांनाही ते सोडावे लागले. आर. आर. पाटील यांचे मोठ्या शहरांत असे लहान प्रसंग घडतात या अर्थाचे विधान आणि विलासरावांनी चित्रपट दिग्दर्शकाला सोबत घेऊन केलेली ताज हॉटेलची पाहणी, हे दोन्ही प्रसंग दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दाखवले गेले आणि लोकक्षोभाला हातात धरता येईल असे काहीतरी मिळाले. राष्ट्रीय तपास यंत्रणा, म्हणजे दहशतवादाच्या गुन्ह्यांचा तपास राज्यांच्या सीमा ओलांडून करू शकणारी केंद्रीय संस्था, स्थापन करण्याचा कायदा संसदेने त्याच डिसेंबरमध्ये संमत केला, आणि पुढे राष्ट्रीय सुरक्षा दलाचे म्हणजे एनएसजीचे केंद्र मुंबईत आले, राज्याने ‘फोर्स वन’ हे पथक उभारले. लोकलच्या प्रवाशाच्या वाट्याला स्थानकांच्या प्रवेशद्वारी धातुशोधक चौकटी आल्या, ज्यांच्यातून सकाळच्या गर्दीत शेकडो माणसे एकामागून एक जातात, चौकट वाजत राहते, आणि तिच्या आवाजावर कोणी कोणाला थांबवत नाही.

हाच भेद २००८ च्या हल्ल्याच्या पोटातही आहे. त्या रात्री सर्वाधिक माणसे छत्रपती शिवाजी टर्मिनसवर मेली, ५८, आणि त्यांतील बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत सामानाशेजारी बसलेली होती. स्थानकातील उद्घोषकाने गोळीबार चालू असताना ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडण्याच्या सूचना देत राहून अनेकांचे प्राण वाचवले, ही त्या रात्रीतील सर्वांत उपयोगी घोषणा होती. परंतु टर्मिनसवरचा गोळीबार लवकर संपला आणि कॅमेरे ताज, ट्रायडंट व नरिमन हाऊससमोर स्थिरावले; तिथे जळणारा घुमट होता, उतरणारे कमांडो होते आणि पुढे काय होणार ही उत्कंठा होती. जगाच्या आठवणीत या हल्ल्याचे चित्र म्हणून ताजचा घुमट राहिला आहे, टर्मिनसचे सभागृह राहिलेले नाही.

यावर एक आक्षेप न्याय्य आहे. २००८ मध्ये अजमल कसाब जिवंत हाती लागला, त्याची बंदुकीसह छायाचित्रे होती, तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन त्याला पकडून दिले होते, आणि म्हणून तो खटला चार वर्षांच्या आत फाशीपर्यंत पोहोचला. २००६ मध्ये बॉम्ब ठेवणाऱ्याला ठेवताना पकडलेले नव्हते. हे खरे आहे, पण जिथे पुरावा कठीण तिथेच तपासावर जनतेची नजर अधिक हवी. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मकोका, पोलीस उपायुक्ताच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून स्वीकारतो, जे साध्या कायद्यात चालत नाही. या खटल्याचा डोलारा बव्हंशी अशाच कबुलीजबाबांवर उभा होता. उच्च न्यायालयाने ते छळ करून घेतलेले असल्याचे मानून नाकारले, साक्षीदारांकडून आरोपी ओळखून घेण्याची ओळखपरेड ज्या अधिकाऱ्याने घेतली त्याला तो अधिकारच उरला नव्हता असे म्हटले, आणि बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही असे नोंदवले. यातील एकही गोष्ट निकालाच्या दिवशी अचानक घडलेली नाही. बचाव पक्षाचे वकील वर्षानुवर्षे भर न्यायालयात हेच बोलत होते. ते ऐकून लिहिणारा वार्ताहर तिथे रोज बसलेला नव्हता. अटकेची बातमी पहिल्या पानावर येते आणि उलटतपासणीची बातमी येतच नाही, कारण वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी सत्र न्यायालयाची बाके रिकामी सोडली आहेत, हे इथे पुनःपुन्हा लिहावे लागते आणि पुढेही लिहावे लागेल.

जिथे बाके भरलेली होती तिथे काय पोहोचले, तेही नोंदवण्यासारखे आहे. कसाबच्या खटल्यातून जनमानसात सर्वांत खोल रुजलेली गोष्ट म्हणजे त्याने तुरुंगात बिर्याणी मागितली ही, आणि ती आपण रचली होती हे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितले. थेट प्रक्षेपणाविषयी सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात वाहिन्यांना कठोर शब्दांत दोष दिला, कारण सीमेपलीकडचे सूत्रधार त्याच चित्रांवरून हल्लेखोरांना सूचना देत होते. त्यानंतर २०१५ मध्ये अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर नियमाने बंदी आली. तरीही मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात, कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची खोटी बातमी वाहिन्यांनी रात्रभर दिली. चित्राला आवर घालणारा नियम झाला, पण पडताळणीची सवय त्याने लागली नाही.

नागरिकांचा हिशेबही मांडला पाहिजे. २००६ मध्ये रुळांलगतच्या वस्त्यांतील माणसांनी घरातल्या चादरींच्या झोळ्या करून जखमींना टॅक्सीपर्यंत आणि टेम्पोपर्यंत नेले, आणि दुसऱ्या दिवशी शहर कामावर गेले, ज्याला ‘मुंबईचे स्पिरिट’ म्हणून गौरवण्यात आले. ज्याची रोजी बुडते त्याला कामावर जाण्यावाचून पर्याय नसतो, आणि त्या गौरवाने सरकारला उत्तर देण्यापासून मोकळीक दिली. ३ डिसेंबर २००८ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर मोठा जनसमुदाय राज्यकर्त्यांविरुद्ध जमला. पाच महिन्यांनी, ३० एप्रिल २००९ रोजी, लोकसभेसाठी त्याच दक्षिण मुंबईत सुमारे चाळीस टक्केच मतदान झाले.

निर्दोष मुक्ततेच्या निकालाविरुद्ध राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच आठवड्यात गुरुवारी त्या न्यायालयाने हा निकाल मकोकाच्या अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही असे सांगितले, सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवले नाही. अपील चालेल तेव्हा चालेल. त्याआधी सरकारने एक गोष्ट करावी. साडेसहाशेहून अधिक पानांचा हा निकाल इंग्रजीत आहे, आणि ज्यांच्या घरची माणसे त्या डब्यांत मेली त्यांतील अनेक कुटुंबे, तसेच ज्यांची मुले एकोणीस वर्षे तुरुंगात राहिली ती कुटुंबेही, तो वाचू शकत नाहीत. त्याचा अधिकृत मराठी, हिंदी आणि उर्दू अनुवाद राज्याने आपल्या खर्चाने छापावा, आणि वाचकांनी आपापल्या आमदाराकडे तशी लेखी मागणी करावी.