लुतीच्या कुत्र्याची कैफियत
पावसाळा सरता सरता करवीरनगरीच्या पेठांतून, पाठीवरचे केस गळालेले, कानांच्या कडा राठ व पांढुरक्या पडलेले आणि क्षणाचीही उसंत न घेता मागच्या पायाने बरगडी ओरबाडीत बसलेले एखादे कुत्रे हमखास दृष्टीस पडते. आणि जो तो त्याच्यावर ‘हाड्’ म्हणून असा खेकसतो, की जणू लूत हा त्या मुक्या जनावराचा गुन्हाच आहे.

खाजेची कारणे अनेक. शेपटीच्या मुळाशी खाजवीत असेल तर बहुधा पिसवा. पंजे चाटून तांबूस झाले आणि कानांना आंबूस वास येऊ लागला, तर दमट हवेत माजलेली बुरशी. परंतु कान, कोपरे व पोट येथून केस जाऊ लागले, तर कातडीत बोगदे खणून अंडी घालणारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा लुतीचा किडा. कानाची कड बोटांत धरून चोळताच मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागला, की अनुभवी पशुवैद्याचा संशय बळावतो. मग तो कातडी खरवडून काचपट्टीवर पाहतो, आणि तेथे किडा सापडला नाही तरी तेवढ्यावरून रोग्याला निर्दोष ठरवीत नाही.

आमच्याकडचा उपचार म्हणजे गॅरेजातले जळके ऑइल किंवा फिनेल! कुत्रे ते चाटते आणि विष पोटात जाते. घरगुती ज्ञान सारेच टाकाऊ असे मी म्हणणार नाही. चुना व गंधक यांचे पाणी पशुवैद्यकात आजही चालते. आयव्हरमेक्टिन हे औषध, ज्याच्या शोधासाठी २०१५ साली ओमुरा व कॅम्बेल यांस नोबेल पारितोषिक मिळाले, ते गुणकारी खरे, पण कोली जातीच्या कित्येक कुत्र्यांस प्राणघातक. सबब दुकानदाराच्या सल्ल्याने देण्याची ही चीज नव्हे.

मग भटक्या कुत्र्याला औषध द्यावे कोणी? सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी, पिसाळलेली व आक्रमक वगळता, भटकी कुत्री नसबंदी, जंतनाशक व लस देऊन धरली त्याच भागात सोडण्याचा हुकूम दिला. कुत्रे महापालिकेच्या आयते हाती आले असताना लुतीचे औषधही त्याच वेळी का देऊ नये? किड्याची नवी पिढी सुमारे तीन आठवड्यांत तयार होते, जुन्या औषधांच्या मात्रा पुन्हा द्याव्या लागतात आणि एकदा सोडलेले कुत्रे पुन्हा सापडत नाही, हा आक्षेप आजवर रास्त होता. परंतु फ्लुरालनरसारख्या नव्या गोळीचा अंमल महिनाभराहून अधिक टिकत असल्याने तो आक्षेप आता उरत नाही. गोळी महाग आहे, हे कबूल. तथापि हा किडा काही दिवस माणसालाही खाजवतो, आणि खाज सुटलेली पोरे घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसणाऱ्या आयांचा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात धरलेला नसतो. महापालिकेने धरलेल्या कुत्र्याच्या नोंदीत त्वचेचा एक रकाना वाढवावा आणि औषधाची तजवीज येत्या पावसाळ्याआधी करावी, एवढीच तूर्त मागणी आहे.