टाचणीवरच्या हिंग्याची साक्ष

तूर किंवा मूग फुलोऱ्यावर आला की वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्यासारख्या शिवारांत काळ्या पंखांवर नारिंगी पट्टे असलेले हिंगे फुले फस्त करू लागतात. किडा हाताखाली चिरडला तर कातडीवर फोड येतात. हा दाह कँथारिडिन नावाच्या रसायनाचा. १८१० मध्ये फ्रान्सच्या पिएर रोबिके यांनी ते वेगळे काढले. २०२३ मध्ये अमेरिकेत त्यापासून केलेल्या औषधाला त्वचेच्या एका विषाणूजन्य विकारासाठी मान्यता मिळाली. किडा मेला तरी हे रसायन उरते. वाळल्या लसूणघासात अडकलेले मेलेले हिंगे पोटात जाऊन घोडे दगावतात, ते यामुळेच. मग संग्रहालयात टाचणीला टोचलेल्या हिंग्याकडे केवळ जातीची ओळख पटवणारा नमुना म्हणून पाहणे अपुरे आहे. त्याच्या अंगात त्या वेळचे, त्या जागेचे रसायन साठलेले असते आणि ते वाचण्याचे काम आपल्या संग्रहांत हाती घेतले पाहिजे.

हे शक्य आहे, याचे पुरावे आहेत. गांधीलमाश्यांच्या त्वचेवर मेणासारख्या हायड्रोकार्बनचा थर असतो. तो अंगातले पाणी धरून ठेवतो आणि जातींनुसार बदलतो. संग्रहालयातल्या गांधीलमाश्यांत तो दोन दशके टिकल्याचे २००९ मधल्या अभ्यासाने दाखवले. पंखांचे तर त्याहून नवल. मालदीवमध्ये उतरणारे चतुर उत्तर भारताच्या बाजूने येतात, हे २०१२ मध्ये पंखांतल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून कळले, कारण चतुराची अळी ज्या पाण्यात वाढते त्याची खूण पंखात राहते. पंख तयार झाल्यावर त्यात फेरफार होत नाही, म्हणून जुन्या पेटीतला पंखही तीच खूण सांगू शकतो.

पण प्रदेशाप्रदेशांतला फरक वाचायचा तर किडा कुठला, हे नेमके कळायला हवे. इथे वऱ्हाडाचा प्रश्न अवघड होतो. १९०५ पर्यंत वाशीम स्वतंत्र जिल्हा होता, पुढे अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. त्यामुळे १९५० सालच्या चिठ्ठीवर नुसते ‘अकोला’ असेल तर तो किडा पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला की जऊळक्याच्या पठारावरचा, हे सांगता येत नाही. पाणी आणि जमीन दोन्ही वेगळी असलेली ही दोन ठिकाणे एकाच शब्दात बुडाली, तर तुलना तिथेच संपते.

आक्षेप रास्त आहेत. चाचणीसाठी नमुना खराब होईल, हा पहिला. ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीचे वर्णन झाले त्याला हात लावू नये, हे मान्यच आहे. पण पेटीत एकाच जातीचे अनेक किडे असतात. गांधीलमाश्यांचा थर तर विद्रावकात बुडवून, अंग न फोडता उतरवता येतो. दुसरा आक्षेप डांबराच्या गोळ्यांचा, म्हणजे नॅप्थलीनचा. ते यंत्रात वेगळे ओळखू येते. कुठली औषधे वापरली याची नोंद मात्र हवी. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: हिंग्यांत कँथारिडिन मुख्यतः नर बनवतो आणि मीलनात मादीला देतो, त्यामुळे दोन गावांतला फरक प्रत्यक्षात नर-मादीचा असू शकतो. चार किड्यांवरून निष्कर्ष काढणे चूकच ठरेल; लिंग तपासून, मोठ्या संख्येने मोजमाप करावे लागेल.

ताजे किडेच का पकडू नयेत, असे कोणी विचारील. पकडावेतच, पण ते आजचे सांगतील. सोयाबीन आणि फवारणीचे पंप येण्याआधीच्या वऱ्हाडाचा किडा आता कोणाला पकडता येणार नाही. तो फक्त पेट्यांतच मिळेल: १९०५ मध्ये बिहारातल्या पुसा इथे सुरू झालेल्या आणि भूकंपानंतर १९३६ मध्ये दिल्लीला गेलेल्या कृषी संशोधन संस्थेच्या संग्रहात, किंवा १८८३ पासूनच्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने आणि वऱ्हाडातल्या महाविद्यालयांनी त्या पेट्यांच्या जोडीला आजचे हिंगे ठेवावेत. चिठ्ठीवर गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख आणि पीक असावे, आणि किडा मारायला नि टिकवायला काय वापरले तेही.