गर्दीचे भाडे: कमाल मर्यादा ठरली, पायऱ्या कोण सांगणार?

गणेशोत्सव जवळ आला की उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूरच्या चाकरमान्यांपुढे कोकणात जाण्याच्या भाड्याचा प्रश्न उभा राहतो. एसटी व रेल्वेचे आरक्षण संपल्यावर उरते ती खासगी बस. आणि तिचे भाडे सकाळी एक, सायंकाळी दुसरे.

मागणीनुसार दर बदलणे मुळात गैर नाही. रेल्वेने ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी व दुरान्तो गाड्यांत तेच केले. मात्र दर १० टक्के आसने विकली गेली की मूळ भाडे १० टक्क्यांनी वाढणार व दीडपटीवर थांबणार, हा नियम आधीच जाहीर होता. भाडे जाचक वाटले तरी ते का वाढले, हे प्रवाशाला कळत होते.

खासगी बससाठी राज्य सरकारने २७ एप्रिल २०१८ रोजी एसटीच्या प्रति किलोमीटर भाड्याच्या दीडपट मर्यादा घातली. घोडे अडते ते येथेच. त्याच दर्जाच्या एसटीचे भाडे ठाऊक असल्याखेरीज बदलापूरच्या प्रवाशाने कल्याणच्या परिवहन कार्यालयाकडे तक्रार तरी कशाच्या आधारे करायची? मर्यादेखालच्या पायऱ्या तर बसमालकच ठरवतो. तिकिटावर एसटीचे भाडे व कमाल दर शेजारी-शेजारी छापण्याची सक्ती केली, तर निम्मी तपासणी प्रवासीच करील. त्याला फारसा खर्चही नाही.