रोग गेला, विषाणू शीतपेटीत राहिला

१/ देवीच्या रोगाचा अखेरचा बळी कोण्या दुर्गम खेड्यात गेला नाही. १९७८ साली बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयातील एका छायाचित्रकार महिलेला देवीची लागण झाली आणि तिचा मृत्यू झाला. तिच्या कक्षाच्या खालच्याच मजल्यावर देवीच्या विषाणूची प्रयोगशाळा होती. निसर्गातील अखेरचा रुग्ण आदल्या वर्षीच सोमालियात नोंदला गेला होता.

२/ पोलिओच्या बाबतीत आज आपण याच वळणावर उभे आहोत. नैसर्गिक ‘प्रकार २’ विषाणूचा शेवटचा रुग्ण १९९९ साली अलीगढ येथे आढळला. २०१५ मध्ये त्याचे निर्मूलन झाल्याचे घोषित झाले. आता तो उरला आहे केवळ शीतपेट्यांत.

३/ मग तो जपायचा कशासाठी? एक कारण म्हणजे प्रतिकारशक्तीची चाचणी. रक्तद्रव टप्प्याटप्प्याने विरल करून जिवंत विषाणूत मिसळतात आणि ते मिश्रण पेशींवर सोडतात. पेशी तगल्या, तर रक्तात प्रतिपिंडे आहेत असे समजावे. १९४९ साली एन्डर्स, वेलर व रॉबिन्स यांनी हा विषाणू मज्जासंस्थेबाहेरील पेशींत वाढवून दाखवला, म्हणूनच ही पद्धत शक्य झाली. तत्पूर्वी यासाठी माकडांचे प्राण जात.

४/ परंतु जिवंत विषाणू कधीतरी निसटतोच. २०१४ साली बेल्जियममधील एका लसकारखान्यातून पोलिओ विषाणूचे ४५ लिटर द्रावण सांडपाण्यात गेले. २०१७ साली नेदरलँड्समधील अशाच एका कारखान्यात ‘प्रकार २’ सांडला व एका कर्मचाऱ्यास त्याची लागण झाली.

५/ यावरचा उपाय म्हणजे छद्मविषाणू. त्याचे बाह्य कवच पोलिओचेच असते. मात्र कवच घडवणाऱ्या जनुकांच्या जागी प्रकाश निर्माण करणारे जनुक बसवलेले असते. तो पेशीत एकदाच शिरतो, नवी प्रजा निर्माण करू शकत नाही. पेशी उजळल्या नाहीत, तर प्रतिपिंडांनी त्याला रोखले. जपानी संशोधकांनी २०११ मध्येच अशी चाचणी मांडली.

६/ आक्षेप असा की, जुन्या निष्कर्षांशी तुलना बिघडेल. आक्षेप रास्त आहे; म्हणून काही काळ दोन्ही चाचण्या समांतर चालवाव्यात. परंतु केवळ सवयीपोटी जुनी पद्धत कवटाळणे समर्थनीय नाही. कडेकोट प्रयोगशाळा उभारणे ज्या देशांना परवडत नाही, त्यांनाही आपल्या मुलांची प्रतिकारशक्ती स्वतः मोजता आली पाहिजे.

७/ निर्मूलन म्हणजे केवळ शेवटचा रुग्ण बरा होणे नव्हे. गावोगाव फिरून लाखो स्वयंसेवकांनी जे मिळवले, ते एका फुटलेल्या नळीपायी गमावण्याचा अधिकार कोणालाही नाही.