परसातील एका झाडाची जागा : चिकू की पेरू?

इंदापूर तालुक्यातील शेळगाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. पाऊस वर्षाला सरासरी पाच-साडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरी. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याखाली ऊस आणि जरा उंचावर गेले की मुरमाड माळ, असे या भागाचे रूप आहे. अशा गावात नवे घर बांधले की अंगण, गाडीची जागा, पाण्याची टाकी आणि शोषखड्डा यांतून परसात बहुधा एकाच मोठ्या झाडापुरती जागा उरते. आंब्याचा मोह सर्वांनाच होतो. परंतु त्याचा विस्तार लहान परसाला पेलत नाही, आणि आर्द्रा नक्षत्र लागताच आंब्याचा त्याग करणाऱ्या घरांना उशिरा पिकणारी जात लावून उपयोगही नसतो. मग विचार सदाहरित अशा दोन झाडांपाशी येऊन थांबतो. एक चिकू, दुसरा पेरू.

दोन्ही झाडे मूळची अमेरिका खंडातील. परंतु आता त्यांना परके म्हणवत नाही. पेरूचे तर पुण्याशी जवळचे नाते आहे. आज महाराष्ट्रात सर्वत्र लावली जाणारी ‘सरदार’ ही जात, जिला ‘लखनौ-४९’ असेही म्हणतात, ती 1927 साली पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात डॉ. चिमा यांनी निवडली. चिकूचे माहेरघर म्हणजे डहाणू-घोलवडचा किनारा. तेथील चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे चिकू समुद्राकाठच्या दमट हवेतच होतो, अशी समजूत रूढ आहे. ती सर्वस्वी खरी नाही. शेळगावच्या शेजारच्याच बारामती तालुक्यात, माळेगाव येथे, 2009 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने उघड्या मुरमाड माळावर खड्डे फोडून पेरू, चिकू आणि डाळिंब यांच्या बागा उभ्या केल्या. तेव्हा जमीन हलकी आहे एवढ्याच कारणाने यांपैकी कोणालाही नकार देण्याचे कारण नाही. खड्डा पुरेसा खोल हवा आणि त्यात बाहेरची चांगली माती हवी, इतकेच.

पेरूच्या बाजूने पहिली गोष्ट म्हणजे तो वाट पाहायला लावत नाही. कलम लावल्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दिसते. जागाही कमी लागते. बागेत पेरूला सहा मीटरचे अंतर ठेवतात, तेथे चिकूला दहा मीटरचे. छाटणी त्याला मानवते, कारण फळ नव्या फुटीवर धरते. म्हणून झाड हाताशी राहील इतके ठेंगणे ठेवता येते. घरात वयोवृद्ध मंडळी असतील आणि त्यांच्या डोळ्यांदेखत झाड फळावे अशी इच्छा असेल, तर पेरूच्या पारड्यात हे वजन थोडे नाही.

अडचण पुढे आहे. परसातील पेरूला बहुधा न्हाणीचे सांडपाणी बारमाही मिळत राहते. त्यामुळे माघ-फाल्गुनात फूल येते आणि फळ नेमके पावसाळ्यात पिकते. हे पावसाळी फळ पाणचट असते, आणि फळमाशी त्यातच अंडी घालते. वरून निर्दोष दिसणारा पेरू चिरला की आत अळ्या वळवळताना दिसतात. जैन घरात हा प्रसंग केवळ किळसेचा नसतो. चातुर्मासात ज्या घरी पालेभाजीसुद्धा जीवांच्या शंकेने वर्ज्य होते, तेथे परसातलेच झाड रोज सकाळी अळ्यांनी भरलेली फळे खाली टाकू लागते. फवारणी करावी तर हिंसा. गंधसापळा टांगावा तर माशा त्यातच मरतात.

यावर दोन अहिंसक उपाय आहेत आणि दोन्ही कष्टाचे आहेत. एक म्हणजे फळ लिंबाएवढे झाले की त्याला कागदी किंवा कापडी पिशवी बांधणे. माशीला फळच सापडत नाही, म्हणून मारण्याचा प्रश्न उरत नाही. दुसरा म्हणजे उन्हाळ्यात पाणी तोडून मृग बहार धरणे, म्हणजे फळ थंडीत, फळमाशीचा उपद्रव ओसरल्यावर, गोड आणि घट्ट होऊन येते. मात्र पाणी तोडल्यावर झाड पाने गाळते. ज्या वैशाखात सावलीची सर्वाधिक गरज, त्याच वैशाखात परसातील सदाहरित झाड विरळ होऊन बसते.

चिकूला असा ताण द्यावा लागत नाही. कडक उन्हात त्याची काही फुले गळतात हे खरे. पण गर्द पाने जागची हलत नाहीत, आणि पेरूइतका अळीचा उपद्रवही फळाला होत नाही. फळ धरल्यापासून तयार होण्यास मात्र सात ते दहा महिने लागतात, आणि कलमाला पहिले फळ येण्यास तीन-चार वर्षे.

आता जो मुद्दा बागकामाच्या पुस्तकांत सापडत नाही तो. बावीस अभक्ष्यांत बहुबीज फळांची गणना आहे. डाळिंबात बिया पुष्कळ असल्या तरी त्या पडद्यांनी विभागलेल्या असतात, म्हणून ते बहुबीज मानले जात नाही. पेरूविषयी घराघरांत मतभेद आहे. काही कुटुंबे तो घेतात, काही बहुबीज समजून सोडतात. परंतु सचित्त-त्यागाचा नियम असणाऱ्यांपुढे मतभेदाला जागा नाही, कारण पेरूच्या बिया गरापासून वेगळ्या करता येत नाहीत. चिकूचे तसे नाही. दोन-चार काळ्या, गुळगुळीत बिया सहज निघतात. फोडी करून, बिया काढून दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे, ठेवल्यावर ते फळ नियम पाळणाऱ्या आजीच्या ताटात वाढता येते, आणि विहारात असलेले महाराजसाहेब गोचरीस आले तर त्यांनाही वहोरवता येते. ज्या झाडाला घरातील सर्वांत मोठी व्यक्ती पाणी घालते, त्याचे फळ तिलाच चालू नये, ही विसंगती झाड लावण्यापूर्वी ध्यानात घेतलेली बरी.

चिकूचा आणखी एक धागा जैन मनाला जवळचा वाटेल. बाजारात मिळणारे ‘कालीपत्ती’चे कलम बहुधा खिरणीच्या, म्हणजेच रायणीच्या, रोपावर बांधलेले असते. शत्रुंजयावर ज्या वृक्षाखाली आदिनाथ प्रभूंच्या चरणपादुका आहेत, ते रायणवृक्ष याच जातीचे. खिरणीचे मूळ चिवट असते आणि चिकूला दीर्घायुष्य देते. मात्र कलमाच्या जोडाखालून खिरणीची फूट निघते, ती वेळीच काढावी लागते. नाही तर काही वर्षांनी परसात चिकूऐवजी रायण उभी राहते. भाविकाला त्यातही दुःख वाटणार नाही, पण चिकू मिळणार नाही.

तेव्हा एकच जागा असेल तर ती चिकूला द्यावी. कुंपणालगत आणखी थोडी जागा निघत असेल आणि पिशव्या बांधण्यास घरात उत्साही हात असतील, तर तेथे सरदार पेरू छाटून लहान ठेवावा. सांडपाण्याचा पाट मात्र त्याच्याकडे वळवू नये.

खड्डा वैशाखातच, कोरड्या मातीत खणावा. पावसानंतर जमीन जीवांनी भरून जाते आणि कुदळीच्या प्रत्येक घावात अकारण हिंसा घडते. चिकूसाठी एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. खाली कठीण मुरूम लागला तर तो आणखी फोडावा. दोन पावसांनंतर कलम लावावे, जोड मातीच्या वर राहील याची खात्री करावी, आणि पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला नैऋत्येकडून उसाच्या पाचटाचा आडोसा करावा. फळावर जाळी टाकण्याचे टाळावे. पोपट आणि वटवाघळे तिच्यात अडकून मरतात. त्यांचा वाटा सोडूनही चिकू घराला पुरतो. फळ तयार झाले की नाही हे पाहण्यासाठी सालीवर नखाने हलकेच ओरखडा काढावा. खाली हिरवे दिसले तर थांबावे, पिवळसर दिसले आणि चीकही फारसा आला नाही, तर फळ उतरवून चार-सहा दिवस टोपलीत पिकू द्यावे.